चुका, चाळीस नग

पोर्तोहून आलेल्या सजावटकार बाईंनी
माझ्या शिलाईच्या टेबलावर रंगांच्या पट्ट्या मांडल्या:
सुकल्या गवताचा, भाजक्या कौलाचा,
आणि एक, ज्याला त्या 'धुकं' म्हणत होत्या.
आमच्या व्हियानात त्याला नुसतं मळकट म्हणतात.

यंदा असंच आहे, त्या म्हणाल्या.
फुलं छताला उलटी टांगायची.
पाहुण्यांची नावं सार्डिनच्या रिकाम्या डब्यांवर.
नवरी काळ्यात. फार धाडसी दिसतं.

तोंडात टाचण्या होत्या म्हणून हसले नाही.
माझी आत्या काळ्या मखमलीतच चर्चची पायरी चढली,
तिच्या आधीच्या साऱ्याजणीही,
आणि त्याच पोशाखात पुढे
नवऱ्याला पोचवायला गेली.
धाडस कसलं? कापड महाग होतं.

मग त्यांनी फोनवर फोटो दाखवला.
प्रेमाचा रुमाल, आमच्याकडचाच.
तांबड्या दोऱ्याची पाखरं, किल्ली, काळीज,
कडेने चार ओळी,
आणि ओळींत जागोजागी चुकलेली अक्षरं.
"असे चाळीस. प्रत्येक ताटाशी एक.
आणि चुका राहू द्या हं, चुका अस्सल वाटतात."

चुकांचे वेगळे पैसे पडतील, मी म्हटलं.
त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

अडचण अशी, की मी सहावीपर्यंत शिकले.
आईला अक्षर येत नव्हतं.
शेजारच्या पोराकडून ती कोळशाने लिहून घ्यायची
आणि त्यावरून टाके घालत जायची,
डोंगराची कड काढावी तशी.
बाबा सहा-सहा महिने कॉडच्या बोटीवर.
खिशात तिचा रुमाल, त्यात 'वाट पाहते'मधला
'ह' राहून गेलेला.
बाबा सांगायचे, तेवढा एक ह
मी रोज रात्री आपला आपण घालायचो.

मी मात्र चुकायला बसले
की हात आधीच दुरुस्ती करतो.
शाळेतल्या बाई अजून मागे उभ्या आहेत, पट्टी घेऊन.
कुठलं अक्षर गाळू?
गाळलं, तर ते गाळलेलं दिसतं,
सांडलेलं दिसत नाही.
उसवलं. घातलं. परत उसवलं.
एकोणचाळीस झाले असे,
सगळे चुकीचे,
चुकलेला एकही नाही.

शेवटचा राहिला होता तेव्हा नवरामुलगा आला,
तेल्मो, गोदीत वेल्डर, कोटाच्या बाहीचं माप द्यायला.
टेबलाकडे बघत राहिला.
मी घालू का दोन टाके? इरियाला सांगू नका.

भुवईत ठिणगीने भाजलेली जागा.
सुई त्याच्या बोटांत सापडेना;
दोनदा खाली पडली, दोनदा लोहचुंबकाने शोधली.
जहाजाची पाठ जोडणारा माणूस
वीतभर कापडाला घाबरत होता.
दोन तास. कॉफी निवली.
गाठी मागे मारायच्या, याने पुढेच मारल्या.
पाखरू म्हणून जे काढलं
ते बटाट्याला पंख फुटल्यासारखं.

आणि तिचं नाव. 'इरया'.
वेलांटी कुठे गेली, त्यालाही कळेना.
कानापर्यंत लाल झाला. उसवू का?

मी कात्री उचलली
आणि मांडीखाली घेऊन बसले.

शनिवारी उलट्या फुलांच्या पाकळ्या
सुपात पडत होत्या.
बाई ताटामागून ताट टिपत चालल्या,
एका ताटापाशी थांबल्या:
इथला रुमाल कुठे गेला?

इरियाच्या काळ्या बाहीतून
तांबडा दोरा लोंबत होता, बोटभर,
न कापलेला.

सोमवारी बिल केलं.
नग: एकोणचाळीस.